विषय: स्कूबाचं सामान, खिशाला झेपेल असं

प्रेषक: निखिल (फ्रीमाँट)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात गावी गेलो होतो, तेव्हा तारकर्लीला हौस म्हणून एक बुडी मारली. प्रशिक्षक मागून धरूनच होता, मला फक्त श्वास घ्यायचा होता, तरी चटक लागली. आता इथे कॅलिफोर्नियात ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स लावतोय. आधी तलावात सराव, मग माँटेरेला समुद्रात चार बुड्या. दुकानदाराने हातात यादी ठेवलीय: मास्क, फिन्स (पायाचे पंखे), बूट, सात मिलिमीटरचा वेटसूट, हूड (डोक्याची टोपी), हातमोजे, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट), रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र), कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा). बेरीज अडीच हजार डॉलरच्या वर. कोर्ससोबत सगळं घेतलं तर दहा टक्के सूट.

घरून प्रतिक्रिया अशी आली की आधी ट्रेडमिलवर वाळत घातलेले कपडे काढ, मग नव्या छंदाचं बोलू.

तर यातलं काय घ्यावं, काय भाड्याने आणावं, वापरलेलं चालतं का? मोठ्या दुकानांत तीस-चाळीस डॉलरला स्नॉर्केलचा सेट दिसतो, त्यातला मास्क चालेल का? मला चष्मा आहे, उजवा उणे ३.५, डावा उणे ४.

निखिल


प्रेषक: केदार (सनीवेल)

अरे, ऑनलाइन अर्ध्या लिटरची छोटी टाकी मिळते बघ, तोंडात धरायची, हातपंपाने भरायची. दोन-अडीचशे डॉलरमध्ये काम होतं. कोर्सची कटकटच नाही. मी विशलिस्टमध्ये टाकून ठेवलीय.


प्रेषक: मेधा (सॅन होजे)

निखिल, केदार,

आधी केदारला उत्तर देते, कारण ते जिवाशी आहे. अर्धा लिटरची टाकी २०० बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दोनशे पट दाबाने, भरली तर आत हवा मावते १०० लिटर. निवांत माणूस मिनिटाला पंधरा-वीस लिटर ओढतो, घाबरला की त्याच्या दुप्पट. म्हणजे पृष्ठभागावर पाचेक मिनिटं. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट लागते, उरली अडीच मिनिटं. त्यात हवा संपली की न शिकलेला माणूस श्वास रोखून वर झेपावतो. खाली भरून घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि फुप्फुस फाटतं. त्यासाठी दहा मीटर जावं लागत नाही, पोहण्याच्या तलावातही हे होऊ शकतं. कोर्सची कटकट असते ती याचसाठी. विशलिस्टमधून काढ ते.

आता निखिल. दहा टक्क्यांवर जाऊ नकोस. कोर्स करणारे कितीतरी लोक माँटेरेच्या चार बुड्यांनंतर पुन्हा त्या पाण्यात पाय घालत नाहीत. मालवणात २७-२८ अंशांचं पाणी होतं ना? इथे वर्षभर १० ते १४. अशा लोकांचं कोरं करकरीत सामान वर्षा-दोन वर्षांनी क्रेगलिस्टवर, जुन्या सामानाच्या जाहिरातींत, येतं. तू तेव्हा घेणाऱ्यांत असायला हवास.

माझा हिशेब साधा आहे. जे अंगाला बसावं लागतं ते स्वतःचं घ्यायचं, बाकी कोर्समध्ये वापरायला देतातच आणि पुढे भाड्याने मिळतं. म्हणून सगळ्यात आधी मास्क, आणि तोही दुकानात जाऊन. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत घ्यायचा आणि हात सोडायचा. तसाच चिकटून राहिला तर तुझा. पडला किंवा कुठून हवा शिरली तर किंमत कितीही असो, पुढचा बघायचा. साठ डॉलरचा मास्क दीडशेच्या मास्कपेक्षा छान बसलेला मी पाहिलाय. चेहऱ्याला किमतीचं काही पडलेलं नसतं. काच टेम्पर्ड हवी, तसं काचेवर लिहिलेलं असतं. सेटमधल्या बऱ्याच मास्कना प्लास्टिकची काच असते, ते वरवर तरंगत मासे बघायला ठीक. पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्केल मास्क स्कूबासाठी नाहीतच. पोहण्याचा गॉगलही नाही, कारण त्यात नाक बाहेर राहतं आणि आतला दाब सारखा करता येत नाही.

तुझ्या नंबरची चिंता नको. काही मास्कना अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या तयार काचा बसवून मिळतात, डावी-उजवी वेगळी. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे नंबर मधलाच असला तर कमीकडचा घेतात. सिलिंड्रिकल नंबर बराच असेल तर मात्र काचा बनवून घ्याव्या लागतात आणि तिथे पैसे जातात. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढ, नाहीतर पहिल्याच बुडीत धुक्याशिवाय काही दिसणार नाही.

मास्क झाला की बूट आणि मागून उघडे फिन्स. मालवणात दिले असतील तसे अनवाणी घालायचे फिन्स इथे नकोत, माँटेरेच्या ब्रेकवॉटरला, म्हणजे बंदराच्या बांधाजवळ, वाळूवरून आणि दगडांवरून चालत पाण्यात उतरायचं असतं. आधी बूट घे, मग ते घालून फिन्स बघ. शेपटी दुभंगलेले आणि रंगीबेरंगी महागडे फिन्स राहू देत. जाड रबराचे जुन्या चालीचे फिन्स वापरलेले घेतले तरी वर्षानुवर्षं टिकतात.

पुढची खरेदी माझ्या मते कॉम्प्युटर, पण कोर्स झाल्यावर. दोनशे-तीनशे डॉलरमध्ये सुंतो, क्रेसी, मारेस यांचे मनगटावरचे साधे कॉम्प्युटर येतात. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) चालणारा बघ, आता बहुतेक चालतातच. बॅटरी घरी बदलता आली पाहिजे. आणि आकडे मोठे पाहिजेत! चाळिशी लागलेल्या माणसाने गढूळ पाण्यात बारीक आकडे वाचायचे म्हणजे शिक्षा. भाड्याचा कॉम्प्युटर मी टाळते, कारण तो दर वेळी वेगळा निघतो आणि बटणं शोधण्यात अर्धी बुडी जाते.

रेग्युलेटरबद्दल सविस्तर लिहिते, कारण 'स्वस्तात मिळाला' म्हणून लोक इथेच फसतात. समजा वापरलेला दोनशेला मिळाला. तो तसाच तोंडात घालायचा नाही, आधी सर्व्हिसिंग. फर्स्ट स्टेज (टाकीवर बसतो तो भाग), सेकंड स्टेज (तोंडात धरायचा) आणि ऑक्टो (जोडीदारासाठीचा जादा), तिघांची मजुरी वेगळी, वर पार्ट्सचा किट वेगळा. दीड-दोनशे सहज जातात. होजला चिरा असतील तर प्रत्येक होजचे तीस-चाळीस. म्हणजे तू चारशेच्या पुढे गेलास, आणि त्याच्या आसपास नवा, साधा, वॉरंटीचा संच येतो. पुढेही वर्षाला किंवा दोन वर्षांना कंपनी सांगते तसा सर्व्हिसिंगचा खर्च आहेच. तेव्हा विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी आपल्या भागातल्या दुकानाला विचार, 'या मॉडेलचे पार्ट्स तुमच्याकडे येतात का?' नाही म्हणाले तर फुकटातही नको. ऑनलाइन बिननावाचे रेग्युलेटर मिळतात, त्यांना हेच लागू.

मॉडेल नवंच हवं असं मात्र काही नाही. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने मागणीप्रमाणे हवा देणारा रेग्युलेटर पाण्यात उतरवला, मूळ तत्त्व अजून तेच आहे. उदाहरणार्थ स्कूबाप्रो कंपनीचा एमके २, आत अगदी साधा पिस्टन, कितीतरी दुकानं तोच भाड्याने देतात. जो भाड्याचा मार सोसतो तो नवशिक्याला पुरतो. गेल्या वर्षीचं, नुसता रंग बदललेलं मॉडेल सेलमध्ये मिळालं तर डोळे झाकून घे.

बीसीडी वापरलेली घ्यायला माझी हरकत नाही. तोंडाने फुगवून रात्रभर ठेव, सकाळी मऊ पडलेली असेल तर नको. इन्फ्लेटरचं (हवा भरायच्या नळीचं) बटण दाबून सोडल्यावर लगेच वर यायला हवं, अडकून राहिलं तर पाण्याखाली ती आपोआप फुगत राहते आणि तुला वर घेऊन जाते. हवा सोडायच्या दोऱ्या ओढून बघ. आतून खारट पाणी निघालं तर धुण्याचा आळस केलाय असं समज आणि भावात घासाघीस कर. कुठल्याही वापरलेल्या वस्तूचं मॉडेल सरकारच्या रिकॉलच्या (सदोष म्हणून परत मागवलेल्या मालाच्या) यादीत एकदा टाकून बघायचं, ते फुकट आहे.

टाकी आणि खाली जायला अंगावर बांधायचं शिसं भाड्याने. वेटसूटही सध्या भाड्यानेच.

मेधा


प्रेषक: अनघा (क्युपर्टिनो)

मेधाताई, बाकी सगळं मान्य, पण वेटसूटच्या एका ओळीवर माझं भांडण आहे. मी पाच फुटांची. भाड्याच्या ढिगात माझ्या मापाचा सूट निघेलच याची खात्री नसते, आणि सैल सूट म्हणजे पाठीवरून सतत गार पाण्याचा ओघ. वेटसूट ऊब धरतो ती अंगालगतचं पाणी जागच्या जागी राहिलं तरच. सूट सैल असला की हात पंधरा मिनिटांत बधिर होतात, मग तो दोनशेचा कॉम्प्युटर बघायला खाली राहतंय कोण? ज्यांचं माप सर्वसाधारण नाही, बुटके, उंच, पोटाचे, त्यांनी माँटेरेत मास्कनंतर सूटच घ्यावा.

वापरलेला घेताना एक बघा. सात मिलिमीटरचा निओप्रीन (सूटचं फेसाळ रबर) चिमटीत दाबून सोडा. लगेच फुगून आला तर त्यातले बुडबुडे शाबूत आहेत. कागदासारखा चेपलेला राहिला तर तो नावाचाच सात मिलिमीटरचा. १८ मीटरवर चांगला सूटही दाबाने बराच आक्रसतो, मग जुनाटाची काय कथा. आणि हूडशिवाय जाऊ नका, मग सूट कुठलाही असो.


प्रेषक: मेधा (सॅन होजे)

अनघा, तुझ्या मापाला मान्य. निखिल पाच-नऊचा आहे, गणपतीच्या मांडवात मी त्याला शिडीशिवाय झालर लावताना पाहिलंय. त्याला भाड्याचे सूट बसतील. माझा क्रम तोच.


प्रेषक: सुहास (सांताक्रूझ)

मुलांनो, दोन गोष्टी.

मिशीवाल्यांचा प्रश्न कुणी काढलाच नाही. नाकाखालची वरची कड थोडी कातरली की सिलिकॉन त्वचेवर टेकतं. ज्यांना तेवढं कातरणंही जड जातं त्यांनी तिथे सिलिकॉन ग्रीस लावावं. व्हॅसलिन नको, पेट्रोलियमने रबर खराब होतं. आमच्या पिढीला मिशी प्रिय, तेव्हा थोडं पाणी शिरणारच. नाकाने फुंकून बाहेर काढायला कोर्समध्ये शिकवतात.

दुसरं, आमच्या गल्लीत गराज सेलला अ‍ॅल्युमिनियमची मोठी टाकी चाळीस डॉलरला ठेवलीय. बाहेरून चकचकीत. निखिलसाठी उचलून ठेवू का?


प्रेषक: मेधा (सॅन होजे)

काका, उचलण्याआधी टाकीच्या खांद्यावर कोरलेली पहिली तारीख वाचा. महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात, मध्ये तपासनिसाची खूण. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत बऱ्याच अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या होत. त्या धातूला भरलेल्या दाबाखाली वर्षानुवर्षं राहून मानेपाशी बारीक तडे जातात. टाक्या बनवणाऱ्या लक्सफर कंपनीने १९८८ मध्ये स्कूबाच्या टाक्यांसाठी तो धातू सोडला. अशा टाकीच्या दर पाच वर्षांच्या तपासणीत मानेची एडी करंट चाचणी (विजेच्या प्रवाहाने तडे शोधणारी) सक्तीची आहे, आणि ती करूनही बरीच दुकानं भरून देत नाहीत. बाहेरच्या चकाकीवरून काहीच कळत नाही, तडे आतून, आट्यांपाशी असतात.

तारीख नव्वदीनंतरची असली तरी हायड्रोची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासायच्या चाचणीची) पाच वर्षं उलटली असतील तर आधी हायड्रो, दर वर्षी आतून पाहणी, व्हॉल्व्हची सर्व्हिस. चाळीसची टाकी दीडशेच्या घरात जाते, आणि नवी अडीचशेच्या आसपास येते. निखिलला आत्ता टाकी नकोच. दर शनिवार-रविवार जायला लागला की बघू.


प्रेषक: सुहास (सांताक्रूझ)

वाचली. ८४ आहे. टाकी विकणाऱ्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या मग व्हॉल्व्ह काढून कुंडीजवळ घंटा म्हणून टांगते. दाब तपासून, रिकामी करूनच काढा, असं बजावून आलोय.


प्रेषक: मंडळ संयोजक

मंडळी, धागा छान चाललाय, पण सामान विकायचं असेल तर विषयाच्या ओळीत 'विक्री' लिहा आणि दर थेट एकमेकांना कळवा. काल एका वेटसूटच्या घासाघिशीत तीनशे लोकांचे इनबॉक्स भरले. ढोल-ताशा सरावाची वेगळी मेल आज संध्याकाळी येईल.


प्रेषक: निखिल (फ्रीमाँट)

सगळ्यांचे आभार. हालहवाल: दुकानदाराला यादी परत केली. पाच मास्क चेहऱ्यावर लावून पाहिले, चौथा चिकटला. नंबरच्या काचा त्यातच बसवून देणार आहेत. बूट तिथलेच घेतले. फिन्स एका शाळामास्तरांकडून मिळाले, त्यांच्या मुलाने कोर्सनंतर दुसऱ्यांदा पाण्यात पाय घातला नव्हता. मेधाताईंचं भाकीत! एकूण दोनशेच्या आत. कॉम्प्युटर कोर्स झाल्यावर. केदारही माझ्याबरोबर कोर्सला येतोय.

आता दोन शंका. वैद्यकीय फॉर्मवर लहानपणीच्या दम्याचा प्रश्न आहे, तो आता नाही, तरी 'हो' लिहू का? आणि डिसेंबरात परत मालवणला जाईन तेव्हा इथून काय न्यावं?


प्रेषक: मेधा (सॅन होजे)

'हो' लिही आणि डॉक्टरांची सही घे. सहीसाठी आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, म्हणून आजच फोन कर. प्रशिक्षक सहीशिवाय तलावातही उतरू देणार नाही.

मालवणला मास्क आणि कॉम्प्युटर ने, दोन्ही हातातल्या बॅगेत. बाकी तिथे मिळेल, तीन मिलिमीटरचा सूट पुरे. आणि परतीच्या विमानाआधी एकच बुडी असेल तर किमान १२ तास, रोज बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास जाऊ देत. शेवटच्या दिवशी सकाळी बुडी आणि रात्री गोव्याच्या मोपा विमानतळावरून उड्डाण असं बसवू नकोस. शेवटचा दिवस मासळीच्या ताटाला ठेव.

माँटेरेच्या पहिल्या शनिवारी ब्रेकवॉटरच्या पार्किंगला सातच्या आत पोचा, नंतर जागा मिळत नाही. गरम पाण्याचा थर्मास आणा, बुडीनंतर हातमोज्यांत ओतायला. उपमा मी आणते.