मदत हवी आहे: प्रीॲम्पचे कपलिंग कपॅसिटर बदलायचेत, फिल्म की इलेक्ट्रोलिटिक?

जुना ट्रान्झिस्टरवाला स्टीरिओ प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधीचा टप्पा) आहे, सिंगल सप्लाय २४ व्होल्ट. डाव्या चॅनलचा बेस कमी झालाय, तबला लावला की डग्गा दबका ऐकू येतो. केबल, स्पीकर, पॉवर ॲम्प सगळं अदलाबदल करून पाहिलं, दोष प्रीॲम्पमध्येच आहे. आउटपुटचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त ऑडिओ पुढे सोडणारा), ४.७ मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक, काढून मोजला तर जेमतेम ०.३ भरला, म्हणजे पुढच्या १० के (किलोओहम) लोडवर ५० हर्ट्झच्या आसपासच कट होतोय, त्याखालचा आवाज घटत जातो. उजवा अजून ठीक आहे पण बदलायचे तर दोन्ही बदलणार.

कपॅसिटरच्या एका बाजूला ११-१२ व्होल्ट डीसी आहे, दुसरी बाजू रेझिस्टरने ग्राउंडला, त्यामुळे बायपोलर (उलटसुलट कसाही चालणारा इलेक्ट्रोलिटिक) सुचवू नका, पोलॅरिटी ठरलेलीच आहे. बोर्डावर भोकं ५ एमएमवर आणि शेजारी व्हॉल्यूमचा पॉट, ४.७ चा जाडजूड पॉलिप्रॉपिलीन फिल्म काही बसणार नाही. हजारो रुपयांचे 'ऑडिओ ग्रेड' वगैरे पण नको, त्या भानगडीवर माझा विश्वास नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणारच आहे, तिथे २.२ चा ६३ व्होल्टचा पॉलिएस्टर फिल्म, बॉक्स टाइप मिळाला तर १० के ला कट साधारण ७ हर्ट्झ येतो. मग तोच लावू की ४.७ चाच नवा १०५ डिग्रीवाला इलेक्ट्रोलिटिक ५० व्होल्टचा? २.२ ने ३०-४० हर्ट्झला कानाला काही फरक जाणवेल का, कुणी प्रत्यक्ष लावून ऐकलंय?