मदत हवी आहे: जुन्या फोनवर व्हॉट्सॲपची एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) बसत नाहीये

घाईत
प्ले स्टोअरवर मिळत नाही म्हणून जुनी एपीके उतरवली, तीही बसेना. अननोन सोर्सेस (प्ले स्टोअरबाहेरचं ॲप बसवायची परवानगी) चालू आहे. तीन फाइली करून झाल्या. आजच हवंय.

खटपट्या
अँड्रॉइड कितवं? आणि 'बसेना' म्हणजे पडद्यावर नेमकं काय येतं? 'पार्सिंग' (फाइल वाचता येत नाही) असेल तर फाइलला नवं अँड्रॉइड लागतंय किंवा डाउनलोड अर्धवट झालंय. 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड' असेल तर आधीच्या ॲपची डिजिटल सही (ते कोणी बनवलं याची खूण) जुळत नाहीये, नाहीतर आहे त्याहून जुनी आवृत्ती चढवताय.

घाईत
४.४.२. दोन फाइलींना पार्सिंग. तिसरी बसली, पण उघडली की म्हणते आवृत्ती कालबाह्य.

उलटं घड्याळ
फोनची तारीख दोन वर्षं मागे न्या.

खटपट्या
तारखेने ॲपमधली मुदत फसेल, पण मग सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' ठरतं आणि जोडणीच होत नाही. व्हॉट्सॲपने ४.४ चा सपोर्ट १ जानेवारी २०२५ ला बंद केला. आता जी फाइल बसेल ती कालबाह्य, आणि जी चालू आहे ती पार्स होणार नाही.

उलटं घड्याळ
सिंबियनवर (नोकियाच्या जुन्या फोनांची प्रणाली) चालायचं की! तिथली एसआयएस (इन्स्टॉल) फाइल 'सर्टिफिकेट एक्स्पायर्ड' म्हणाली की तारीख मागे, इन्स्टॉल, तारीख पुढे.

खटपट्या
ते इन्स्टॉलरपुरतं. इथे सिंबियन कोणी विचारलंय?

रॉमवाला
बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करा, लिनेजओएस (फोनसाठीचं पर्यायी अँड्रॉइड) टाका, विषय संपला.

कडू
मॉडेल माहीत नसताना? अनलॉक केलं की बहुतेक फोन आतला सगळा डेटा पुसतात.

घाईत
पुसायचं नाही! जुन्या चॅटसाठीच तर चाललंय हे.

कडू
हे पहिल्या ओळीत सांगायचं. तिसरी फाइल बसवताना जुनं ॲप काढलंत का?

घाईत
हो, त्याशिवाय बसतच नव्हती.

कडू
म्हणजे आतला डेटाबेस गेला. पण बॅकअप स्टोरेजमध्ये वेगळा राहतो. 'व्हॉट्सॲप' फोल्डरमध्ये 'डेटाबेसेस' बघा. नावात तारीख नसलेली 'एमएसजीस्टोअर' फाइल सगळ्यात ताजी. अख्खा 'व्हॉट्सॲप' फोल्डर केबलने संगणकावर घ्या. नव्या फोनवर (अँड्रॉइड ११ किंवा पुढचं) तो 'अँड्रॉइड', 'मीडिया', 'कॉम.व्हॉट्सॲप' यांच्या आत ठेवायचा. ॲप टाका, पण फोल्डर जागेवर जाईपर्यंत उघडू नका. नंबर तोच हवा, नाहीतर फाइल उलगडणार नाही. रिस्टोअर विचारेल तेव्हा 'स्किप' दाबू नका.

घाईत
फोल्डर आहे. सात फाइली, एकीच्या नावात तारीख नाही. कॉपी लावलीये.

रॉमवाला
कॉपी झाली की मॉडेल टाका, लिनेजओएसची रॉम (प्रणालीची फाइल) शोधतो.