मदत हवी आहे: रात्रीच्या कच्च्या वाटेसाठी बाइकला जादा दिवे, बजेट ४,००० रुपये (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा, राहायला राजेंद्रनगरला. आमचा सहा जणांचा गट आहे, सगळे नोकरदार. रविवारखेरीज सवड नाही, म्हणून पहाटे साडेतीनला निघतो, महू-मानपूरच्या बाजूला किंवा सिमरोल ओलांडून चोरलकडे कच्च्या वाटांनी जातो आणि ऊन चढायच्या आत पोह्यांना घरी. म्हणजे अर्धी राइड अंधारातच होते. जंगलखात्याच्या हद्दीत रात्री शिरत नाही. शेतांमधून गावागावांना जोडणाऱ्या गाडवाटा धरतो.

गाडी सेकंडहँड आहे, दोनशे सीसीची, पुढे २१ इंची चाक, मूळचाच एलईडी हेडलाइट. डांबरी रस्त्यावर या दिव्याने मला कधी अडवलं नाही. कच्च्यावर मात्र दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मी चोरलच्या अलीकडे पडलो, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

कसा पडलो ते नीट सांगतो, कारण प्रश्न त्यातच आहे. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी असते. त्यात ट्रॅक्टरची चाकं रुततात आणि नोव्हेंबर आला की तीच चाकोरी विटेसारखी कडक होते. ही वीतभर खोल होती. वाट डावीकडे वळत होती, मी पेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभा, वेग जेमतेम तीस. दिवा समोरच्या बाभळीवर पडला होता, अगदी लख्ख. काटे मोजता आले असते. पण वाट होती डावीकडे, आणि तिथे काळोख. पुढचं चाक चाकोरीत उतरलं तेव्हाच ती कळली. डाव्या मनगटाला केसाएवढी चीर, तीन आठवडे प्लास्टर. आईने बाइक बंद कर म्हटलं नाही. "दिसत नसेल तिथे जाऊ नकोस," एवढंच म्हणाली. मला तिचं ऐकायचं आहे, म्हणून हा धागा.

तेव्हा मला हवा आहे तो नुसता जास्त उजेड नाही. झोत जिथे हवा तिथे पडत नाही, हे दुखणं आहे. चढाला तो आभाळात जातो, ब्रेक मारला की पुढच्या चाकापाशी गोळा होतो, वळणावर तर उपयोगच नाही.

आता वीज किती शिल्लक आहे ते. दिवे घेण्याआधी हे बघच, असं आमच्या मिस्त्रीने बजावलं होतं. कुणाला उपयोगी पडेल म्हणून पद्धत लिहितो. जुने ३५ वॅटचे दोन हॅलोजन बल्ब घेतले, त्यांना वायरी जोडल्या आणि भार म्हणून थेट बॅटरीवर लावले. मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांवर. गाडी बंद असताना १२.७ व्होल्ट. इंजिन ३,००० फेऱ्यांवर, फक्त हेडलाइट चालू: १४.२. एक बल्ब जोडला: १३.४. दुसरा जोडला: १२.७ आणि आकडा हळूहळू उतरतच राहिला. म्हणजे तिथे बॅटरी भरत नव्हती, खर्च होत होती. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना, तर एका बल्बवरही १२.५. कच्च्यावर आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवरच असतो, तेव्हा ४० वॅटच्या वर जायची माझी तयारी नाही. ५५ वॅटच्या हॅलोजनची जोडी त्यामुळे बादच. ती एकटीच नऊ अँपिअर ओढते.

मग छोटी ग्वालटोलीत जाऊन आलो. एका दुकानात ७०० रुपयांची जोडी दाखवली, खोक्यावर ठळक "१२० वॅट", कंपनीचं नाव कुठेच नाही. मीटर सोबत नेला होता. दुकानदार भला, त्याने बॅटरीला जोडून मोजू दिलं. एका दिव्याने ०.९ अँपिअर घेतला. १२.६ ने गुणा: साधारण ११ वॅट. दहा मिनिटांनी दिवा हातात धरवेना आणि अँपिअर ०.६ वर आले होते. पाठ उघडून पाहिली तर अॅल्युमिनियमचं अंग पापडासारखं पातळ, उष्णता जायला वाटच नाही. दुकानदार स्वतःच म्हणाला, "भिया, डिब्बे पे मत जाओ, वजन देखो." हे मला पटलं. पुढच्या प्रत्येक दुकानात मी आधी दिवा हातात घेऊन तोलून पाहिला.

बाहा डिझाइन्स, डेनाली ही दिव्यांच्या कंपन्यांची नावं माहीत आहेत, पण ती माझ्या खिशाबाहेरची. माझी मर्यादा ४,००० रुपये, त्यात रिले (छोट्या स्विचवरून दिव्यांचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारी डबी), वायरिंग, ब्रॅकेट सगळं आलं पाहिजे.

आता तुमच्याकडून हवं ते: ४० वॅटमध्ये २० वॅटचे दोन्ही पसरट झोताचे म्हणजे फ्लड घेऊ, की एक फ्लड आणि एक लांब झोताचा स्पॉट? लावू कुठे, हँडलवर, फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांवर) की क्रॅश गार्डवर (इंजिनापुढच्या लोखंडी कड्यावर)? आणि पुढे दोन गाड्या असताना जी धूळ उठते तिच्यात पिवळा चांगला की पांढरा? गटातला एक जण म्हणतो की हेल्मेटवर सायकलवाल्यांचा दिवा लाव, बाकी काही नको. कुणी वापरला असेल तर जरूर सांगा. तुम्ही स्वतः अंधारात चालवून पाहिलेलं असेल तेच मला हवं आहे.

———

महूकर:

दादा, आधी मनगट पूर्ण बरं होऊ द्या.

दोन्ही फ्लड घ्या. कारण सांगतो. चाळीसच्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, आणि भुसभुशीत मातीवर थांबायला आणखी १५-१६ मीटर, तर सगळे मिळून सत्तावीस-अठ्ठावीस मीटर झाले. साठच्या वेगाला हेच अंतर पन्नासच्या वर जातं. पण आपल्या बाजूच्या गाडवाटांवर रात्री साठने कोण जातो आणि कशाला? चाळीसच्या वेगाला ३० मीटर लांब आणि दोन्ही कडेची झुडपं दिसतील इतका रुंद उजेड पुरतो. लांबचं बघायला तुमचा हेडलाइट आहेच. घोडारोज (नीलगाय) समोरून येत नाही, बाजूच्या शेतातून उडी मारतो. तो स्पॉटमध्ये दिसणार नाही, फ्लडमध्ये दिसेल.

जागा: हँडलवर लावलेला दिवा हँडलबरोबर वळतो. संथ वाटेवर हीच गोष्ट तुम्हाला हवी आहे. क्रॅश गार्डवरचा खाली असतो, त्यामुळे दगडामागे, खड्ड्यात लांब सावल्या पडतात आणि खोली कळते. पण गाडी पडली की पहिला तोच फुटतो, हे मी दोनदा भोगलंय. मी शेवटी दोन्ही दिवे हेडलाइटच्या खाली फोर्कच्या क्लॅम्पवर आणले आणि प्रत्येक थोडा बाहेरच्या बाजूला वळवला, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. मध्ये हेडलाइट असतोच.

———

तारजोड:

सुदामानगरात वायरिंगचंच काम करतो. फिटिंगबद्दल एवढं पाळा.

हेडलाइटच्या वायरला कात्री लावू नका. बॅटरीच्या प्लसपासून नवी वायर काढा आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. तो लांब बसवला तर मधला तुकडा उघडाच राहिला. ४० वॅटला तीन-सव्वातीन अँपिअर होतात, ५ चा फ्यूज पुरे. वायर १ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या.

चार पिनी रिले: ३० वर फ्यूजमधून आलेली प्लस, ८७ वरून दिव्यांना, ८५ अर्थला, ८६ वर स्विचमधून येणारी वायर. ही स्विचची वायर टेललाइटच्या प्लसवरून घ्या, म्हणजे चावी काढली की दिवेही बंद, विसरून बॅटरी उतरणार नाही. दिव्यांची मायनस चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) नको, थेट बॅटरीच्या मायनसला आणा. रंग आणि गंज यामुळे चेसीचा अर्थ दगा देतो. जोड पीळ मारून टेप गुंडाळून करू नका; थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून, वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून वायर कुठे ताणते का ते बघितल्याशिवाय टाय मारू नका. माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या गाड्यांमध्ये वायर तिथेच तुटलेली असते.

अजून एक. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये नुसता एलईडी बल्ब बसवायचा सल्ला कुणी देईल. तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्यांसाठी: रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. एलईडीचा उजेड त्या जागेतून निघाला नाही तर झोत फाटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

———

महीकाठ, बडोदे:

आम्ही मही नदीच्या कोतरांमध्ये (घळींमध्ये) चालवतो, तिथली धूळ पिठासारखी. हेल्मेटचा दिवा मी दोन वर्षं वापरतोय. तो जिथे मान तिथे जातो, वळणाच्या आत डोकावायला त्याच्यासारखं काही नाही. तुम्ही सांगितलेल्या वळणावर त्याने नक्की मदत केली असती. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. तो डोळ्यांच्या जवळ असल्याने सावली दगडाच्या मागे लपते आणि जमीन सपाट भासते, खड्डा उथळ वाटतो. आणि धुळीत तोच उजेड कणांवरून उलटा डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून तो एकटा नको, जोडीला हवा. धूळ आली की बंद करायचा. स्क्रूने घट्ट बसवू नका, वेल्क्रोवर लावा. पडलात तर तो निघून आला पाहिजे, मानेला हिसका बसता कामा नये.

पिवळा-पांढरा: पिवळ्याने माझे डोळे कमी थकतात, म्हणून मी पिवळी कॅप लावतो. पण धुळीत रंगापेक्षा दिवा डोळ्यांपासून किती खाली आहे यानेच जास्त फरक पडतो, आणि त्याहून जास्त पुढच्या गाडीपासून अंतर ठेवल्याने. धूळ बसू द्या, मग निघा.

डांबरी लागली की जादा दिवे बंद. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर अपघात त्याचा होतो. आम्ही काळ्या कॅप चढवूनच हायवेला लागतो.

———

मूळ प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. जे केलं ते लिहितो.

२० वॅटची फ्लड जोडी २,४०० ला मिळाली. मोजून घेतली: प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे १९ वॅट, आणि वीस मिनिटांनंतरही १.४ च्या खाली आली नाही. एकेक दिवा चांगला जड आहे. रिले, फ्यूज, वायर, थिंबल मिळून ४८०. फोर्कचे क्लॅम्प ३५०. हेल्मेटसाठी रिचार्ज होणाऱ्या १८६५० सेलचा सायकलचा दिवा ६५०. एकूण ३,८८०. दिवे महूकरांनी सांगितल्याप्रमाणे हेडलाइटखाली, जरा बाहेर वळवून लावले. ३,००० फेऱ्यांवर सगळं चालू असताना १३.३ व्होल्ट, आयडलला १२.५. म्हणून थांबलो की दिवे बंद करायची सवय लावून घेतोय.

परवाच्या रविवारी मुद्दाम त्याच वळणावर गेलो. पन्नास पावलं आधी गाडी उभी केली आणि आधी फक्त हेडलाइटवर पाहिलं: बाभूळ दिसते, चाकोरी नाही. मग फ्लड लावले. चाकोरीची डावी कड उजळली आणि तळाशी काळी रेघ उभी राहिली, खोली बसल्या जागेवरून कळली. हेल्मेटचा दिवा लावून मान वळवली तर वळणापलीकडची वाटही दिसली, पण चाकोरी मात्र उथळ वाटायला लागली. बडोद्याच्या दादांनी म्हटलं होतं तसंच. कडेने, पहिल्या गिअरमध्ये, व्यवस्थित पार झालो.

एक गोष्ट राहिली. पुढे ओढ्यात गुडघ्याएवढ्या पाण्यातून गेलो आणि पलीकडे डाव्या दिव्याच्या काचेत आतून दव धरलं. खोक्यावर आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलंय. बदलून मागू का?

———

तारजोड:

मागून बघा, पण कारण बहुतेक वेगळं आहे. दिवा तापलेला होता, गार पाण्याचा शिडकावा बसला, आतली हवा आकसली आणि सीलमधून ओल आत ओढली गेली. आयपी६७ ची चाचणी अर्धा तास एक मीटर पाण्यात होते, पण तापलेला दिवा गार पाण्यात जाणं हा ताण निराळा. आता दिवा काढून दोन दिवस तांदळाच्या डब्यात नाही, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. पुन्हा ओढा आला तर पाच मिनिटं आधी फ्लड बंद करा, निवू द्या, हेडलाइटवर पार करा.