तुर्काला बाहेर ठेवूनच युरोप एक होणार होता का?

बखरबहाद्दर: युरोपच्या एकीची गोष्ट सगळे १९५० पासून सांगतात. माझ्या मते ती तुर्कांच्या धाकातून जन्मली आणि तिची वेस पहिल्यापासून धर्माचीच. १४५३ला कॉन्स्टँटिनोपल पडलं. दहाएक वर्षांत बोहेमियाचा (आजच्या चेकियातला) राजा पोडेब्राडचा जिरी ख्रिस्ती राजांच्या संघाचा मसुदा घेऊन दरबारोदरबारी वकील धाडतोय. आपसात लढाई बंद, तंट्यांना न्यायालय, सभा आधी बाझलला (आजच्या स्वित्झर्लंडमधलं शहर). कशासाठी? तुर्काविरुद्ध! पुढे सतराव्या शतकात फ्रान्सचा मंत्री सली याचा आराखडा आला: पंधरा राज्यं, तीन ख्रिस्ती पंथ चालतील, तुर्क हद्दपार.

तिरकस: जिरीचं निम्मंच सांगितलंत राव. तो हुसाइट. त्याच्या पंथात सामान्य भाविकालाही भाकरीसोबत द्राक्षारसाचा पेला मिळायचा. रोमला ते खपेना, आणि १४६२ला पोप पायस दुसरा याने ती सवलत मोडीत काढली. ज्याला रोमच पाखंडी म्हणतं तो ख्रिस्ती एकीचा झेंडा घेऊन निघालाय! खरी वेस ख्रिस्ती जगाच्या आतच होती. तुर्क हे निमित्त.

बखरबहाद्दर: निमित्त का असेना, चाललं तेच ना?

रानवारा: सरसकट नाही. फ्रान्सच्या एमेरिक क्रूसेने १६२३मध्ये व्हेनिसला राजदूतांची कायम सभा सुचवली. त्यात पोपनंतर दुसरा मान तुर्की सुलतानाला, शिवाय इराण, चीन, हिंदुस्थानही.

तिरकस: मग ती जगाची सभा झाली, युरोपची कुठे राहिली?

रानवारा: बरं, इंग्लंडचा विल्यम पेन घ्या, युरोपच्या राज्यांच्या सभेवरचा त्याचा १६९३चा निबंध. शीर्षकातच युरोप आहे, आणि तुर्क व मॉस्कोवाल्यांना (रशियनांना) घेतलं तर प्रत्येकी दहा मतं देणं रास्त, असं तो लिहितो. मानापमान नको म्हणून सभागृह गोल, त्याला दारं अनेक. (आपल्या संमेलनवाल्यांनी वाचावं.)

बखरबहाद्दर: त्याच निबंधात फायदे मोजताना 'तुर्कांच्या स्वाऱ्यांपासून ख्रिस्त्यांचं रक्षण' हाही एक आहे. तो नाही सांगितलात!

ओसरी: धर्मावर इतकं भांडताय, पण पेनच्या गोल खोलीत बोलायचं कशात? लॅटिन किंवा फ्रेंच. सुलतानाच्या वकिलाला खुर्ची मिळेल, पण दुभाष्याशिवाय तोंड उघडता येणार नाही. पोलंडच्या शिकलेल्या सरदाराचं लॅटिनवर भागेल, इस्तंबूलहून आलेल्याने काय करायचं? मला ही वेस धर्माच्या वेशीपेक्षा चिवट वाटते.

तिरकस: दरबारांत दुभाषे असायचेच. भाषेमुळे तह अडल्याचं एक तरी उदाहरण द्या.