गॅलरी गेली आणि शेजार गेला, पटतंय का?

कोपऱ्यावरची_खोली (धागाकर्ता)

आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, मधली वर्षं भाड्याने डोंबिवलीत काढली आणि आता त्याच जागेवर बाविसाव्या मजल्यावर आलोय. घर मस्त आहे, खोटं कशाला बोलू, संडास घरात, खिडकीतून समुद्राचा एक तुकडा पण दिसतो. पण मागच्या नारळी पौर्णिमेला आईने नेहमीसारखा नारळीभात केला, वाटी घेऊन समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली तर आतून आवाज आला, "खाली वॉचमनकडे ठेवा." डिलिव्हरीवाला समजले! आणि गंमत म्हणजे समोरचे कोणी परके नाहीत, आमच्याच चाळीत तिसऱ्या माळ्यावर होते, तीस वर्षं आईची वाटी तिकडे जायची आणि त्यांची आमच्याकडे.

माणसं तीच, जागा तीच, बदलला तो फक्त नकाशा. आधी नळावर, संडासाला, खाली उतरायला, कुठेही जायचं तर सगळ्यांच्या उघड्या दारांवरून जायला लागायचं, त्यामुळे कोणाकडे काय शिजतंय, कोणाचा पोरगा नापास झाला, सगळं न विचारता कळायचं. १८९३ ला मुंबईतला सार्वजनिक गणपती केशवजी नाईक चाळीत बसला तो उगाच नाही, तसा चौक आणि वरून बघायला गॅलऱ्या असल्या की उत्सव आपोआप सगळ्यांचा होतो. आता आमचा गणपती पोडियमवर, गाड्यांच्या डोक्यावर, आणि आरतीला माणसं किती तर मोजून चौदा. माझं म्हणणं एवढंच की शेजारधर्म स्वभावात नसतो, तो नकाशात असतो.

मधली_सुट्टी

गॅलरीची आठवण काढून गहिवरणारे बहुतेक पुरुषच का असतात हो? मी दादरच्या चाळीत वाढले. कॉलेजातून यायला आठ वाजले तर जिन्यापासून आमच्या खोलीपर्यंत अकरा दारं, तिसऱ्या दारात ड्रेस बघितला जायचा, सातव्यात "आज उशीर?" आणि मी घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असायचं कोण कोपऱ्यापर्यंत सोडायला आलं होतं ते. पाळीच्या दिवसांत पेपरात गुंडाळलेली पुडी घेऊन त्याच अकरा दारांवरून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जायचं. दादाचं लग्न झालं तेव्हा आई-बाबा गॅलरीत झोपायला लागले, का ते अख्ख्या माळ्याला माहीत, आणि वहिनी सकाळी मान वर करायची नाही. तुम्ही ज्याला "न विचारता कळायचं" म्हणताय ना, तेच.

आता ठाण्यात राहते, शेजारच्यांचं आडनाव फक्त लेटरबॉक्सवर वाचलंय, झोप छान लागते.

नायगावचा_पोऱ्या

सगळ्या चाळींना गॅलरी असते हा गिरगावकरांचा गोड गैरसमज. आमच्या बीडीडीला, म्हणजे इंग्रजांच्या काळात सरकारने बांधलेल्या चाळींना, नाहीये. तळमजला अधिक तीन, मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूला दहा-दहा खोल्या, म्हणजे माळ्यावर वीस आणि चाळीत ऐंशी. पॅसेजमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागतो. गॅलरीत निदान समोर आकाश असतं, आमच्याकडे समोर शेजाऱ्याचा पलंग. तरी आमच्याकडे पण दारं उघडीच असायची कारण १६० स्क्वेअर फुटात सात माणसं, दार लावलं तर जीव गुदमरतो, त्याला शेजारधर्म म्हणा नाहीतर हवा म्हणा.

आणि एक गोष्ट या धाग्यात कोणी बोलणार नाही म्हणून मीच बोलतो. १९७४ च्या जानेवारीत वरळी बीडीडीत दलित आणि सवर्ण यांच्यात दंगल पेटली, दलित पॅंथर या संघटनेच्या सभेनंतर. चाळींचा नकाशा तर सगळीकडे सारखाच होता की, तोच पॅसेज, तोच जिना. पण कुठली चाळ कोणाची हे आधीच ठरलेलं, त्यामुळे चाळीच्या आत जीवाला जीव आणि समोरच्या चाळीवर दगड. म्हणजे तुमचा नकाशा माणसं जोडतो ती फक्त आधीच एका बाजूला बसवलेली. याच वरळीच्या चाळी इंग्रजांनी १९३० च्या चळवळीत तात्पुरता तुरुंग म्हणून पण वापरल्यात, आता बोला, पॅसेज तोच!

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत बीडीडीच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरमध्ये पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या, ५०० फुटांची घरं. तिथे आमचे नातेवाईक आहेत, त्यांना जाऊन गॅलरीबद्दल विचारा, चप्पल फेकून मारतील.

कोपऱ्यावरची_खोली

@मधली_सुट्टी पाळीच्या पुडीचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. मान्य. @नायगाव, चाळीत परत जायचं असं मी कुठे म्हटलं? संडास घरातच पाहिजे. प्रश्न असा आहे की संडास आत आला म्हणून वाटी बाहेर का थांबली.

काटकोन

आर्किटेक्ट आहे, म्हणून थोडं पकवतो. धागाकर्त्याचं अर्धं बरोबर आहे. आम्हाला एक साधी सवय लावतात, नकाशा घ्यायचा आणि रस्त्यापासून घरातल्या माणसापर्यंत किती टप्पे आहेत ते मोजायचे. चाळीत रस्ता, चौक, जिना, गॅलरी, दार. टॉवरला पण टप्पे फार जास्त नाहीत, गेट, पोडियम, लिफ्ट, लॉबी, दार. फरक कुठे, तर चाळीत मधल्या प्रत्येक टप्प्यावर माणूस थांबू शकतो, जिन्यात गप्पा मारत बसू शकतो. लिफ्टमध्ये सगळे वर आकडे बघत उभे राहतात. शिवाय चाळीत पहिल्या माळ्यावरच्याला तिसऱ्यावरचा रोज जाता-येता दिसतो, टॉवरमध्ये बाविसाव्याला तेविसावा कधीच दिसत नाही, लिफ्ट सगळं मधलं खाऊन टाकते. म्हणून वाटी हरवली. ती माणसं बिघडली नाहीत, त्यांच्या वाटा एकमेकांना छेदत नाहीत एवढंच.

फुकटचा_सल्ला

आर्किटेक्ट लोकांना वाटतं पेन्सिलने समाज बनतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसची प्रूट-आयगो ही सरकारी वसाहत तुमच्याच कॉलेजात शिकवतात ना? पन्नासच्या दशकात बांधलेल्या ११ मजली ३३ बिल्डिंगा, लिफ्ट मुद्दाम काही ठरावीक मजल्यांवरच थांबायची आणि तिथे लांबलचक गॅलऱ्या, का तर शेजारी भेटतील, पोरं खेळतील, बायका कपडे धुताना बोलतील. अगदी तुमची चाळ! झालं काय, त्याच गॅलऱ्यांत लोकांना लुटायला लागले, बायका जायला घाबरायला लागल्या आणि १९७२ पासून सगळं पाडायला घेतलं. गॅलरी होती की.

काटकोन

तिथे मेंटेनन्स भाडेकरूंच्या भाड्यातून व्हायचा आणि शहरातली माणसंच कमी होत होती, घरं रिकामी पडली, पैसा संपला, दिवे-लिफ्ट बंद. तो दोष गॅलरीवर टाकू नका. पण हो, गॅलरी एकटी काही करत नाही हे मान्य. तसंच उलट, नकाशाने फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी गोवंडीला नटवर पारेख कंपाऊंडमध्ये जाऊन यावं, पुनर्वसनाच्या बिल्डिंगा इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही आणि टीबीचे पेशंट. तिथे शेजारी कसे आहेत हा प्रश्न नंतर येतो.

दूरदेशी

सिंगापूरहून. इकडे बहुतेक लोक सरकारी टॉवरमध्येच राहतात आणि तळमजला बऱ्याच ठिकाणी मोकळा सोडलेला असतो, नुसते खांब आणि दगडी टेबलं. लग्न तिथेच, मयत पण तिथेच. आमच्या ब्लॉकखाली एका शनिवारी मलाय लग्नाचं जेवण होतं, आठवड्याने त्याच जागी चिनी आजोबांचं शव तीन-चार दिवस ठेवलेलं. @नायगाव, तुमच्या मुद्द्यावर, इथे १९८९ पासून कुठल्या ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं याचा कोटा आहे, कारण नुसते खांब मोकळे सोडून माणसं मिसळत नाहीत हे त्यांनाही कळलेलं. घर विकताना त्या कोट्याचा जाच काय असतो ते विचारू नका, वेगळा धागा होईल.

आणि मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये लोक कुंड्या, सायकल, चपलांचं कपाट ठेवतात. १.२ मीटर मोकळी वाट राहिली पाहिजे, बाकी चालतं.

कोपऱ्यावरची_खोली

हे वाचून चिडलो की हसलो मलाच कळलं नाही. आमच्या लॉबीत सेक्रेटरीने नोटीस लावलीय, "दाराबाहेर चप्पल, स्टूल, कुंडी ठेवल्यास ५०० रुपये दंड." लॉबी नऊ फूट रुंद आहे! आईने संध्याकाळी लिफ्टसमोर स्टूल टाकून लसूण सोलायला सुरुवात केली होती, दुसऱ्याच दिवशी नोटीस आली. पण तेवढ्या एका संध्याकाळीत समोरच्या काकू दोनदा दार उघडून बाहेर आल्या होत्या. येत्या मीटिंगला मी हे १.२ मीटर घेऊन जाणार.

नायगावचा_पोऱ्या

आणि स्टूल टाकायचा हक्क भाडेकरूंनाही मिळेल का, की फक्त मालकांना? मीटिंगमध्ये हे पण विचारा.

मधली_सुट्टी

काकूंना स्टूल जरूर टाकू द्या. फक्त कॉलेजातून येणाऱ्या मुलीच्या दाराकडे तोंड करून नको.