घरच्या माशांची दुखणी तुम्ही कशी ओळखलीत?

ठाण्याहून
लेकीच्या हट्टापायी गेल्या दिवाळीत दोन फुटी टाकी घेतली. सकाळी नळाचं पाणी भरलं, क्लोरीन मारायचे थेंब टाकले आणि संध्याकाळी सहा गोल्डफिश सोडले. पाचव्या दिवशी सगळे वर येऊन आ वासत होते, कल्ले लालभडक. निळं औषध आणून टाकलं. आठवड्यात चार गेले.

रोग नव्हताच. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू असतात, पण नव्या टाकीत त्यांना जम बसवायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर सहा गोल्डफिशची घाण कोण पचवणार? रोज पाव टाकी पाणी बदललं असतं तर ते वाचले असते, असं आज वाटतं. लेक अजून त्यांची आठवण काढते.

नवख्याने काय बघावं, कशाला फसू नये, ते घडलेल्या प्रसंगासकट लिहा.

कोल्हापूरहून
ताई, आमच्या गोल्डफिशला पांढरे ठिपके दिसले तेव्हा मीही औषधाची बाटली उघडली होती. मग भिंग घेऊन बसलो. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला, ओळीने. अंग, शेपटी स्वच्छ. खाणं जोरात, आणि दिवसभर मादीच्या मागे. विणीच्या काळात नराला असे ठिपके येतातच! रोगाचे ठिपके मीठ भुरभुरल्यासारखे कुठेही उमटतात आणि मासा दगडावर अंग घासत सुटतो.

पुण्याहून
तो खरा रोग आम्ही भोगलाय. थंडीत हीटर बंद पडला, त्यातच नवीन मोली वेगळी न ठेवता थेट टाकीत सोडली. औषधाने ठिपके गेले, म्हणून मी लगेच थांबले. आठवड्याने दुप्पट आले. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात, तेव्हाच मरतात. दुसऱ्या खेपेला ठिपके गेल्यावरही बाटलीवर लिहिलेले सगळे दिवस पुरे केले. पाणी २८ अंशांवर ठेवलं, हवेचा पंप वाढवला, फिल्टरमधला कोळसा काढून ठेवला (तो औषधच शोषून घेतो). सगळे वाचले.

डोंबिवलीहून
पहाटे दिवा लावल्यावर निऑन टेट्रा फिके दिसले तर घाबरू नका. अंधारात त्यांचा रंग उतरतो, थोड्या वेळाने परत येतो. दिवसाही फिकेच राहिले तर मात्र पाणी तपासा.

नागपूरहून
मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि मासे वर येऊन आ वासू लागले. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो, त्यात पंप बंद. मग्याने पाणी उंचावरून ओतत बसलो. आता बॅटरीचा पंप घरात असतो. सगळे मासे एकदम वर आले तर आधी हवा आणि पाणी बघायचं, एकटाच आला तर त्या माशाकडे. आणि बेटा, गुरामी मुळातच वरची हवा घेतात, ते दुखणं नव्हे.

आणखी एक, फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

साताऱ्याहून
माझी गुरामी फुगली, मी पोटात अंडी आहेत समजत राहिले. वरून पाहिलं तेव्हा खवले सुरूच्या बोंडासारखे उभे होते. त्या अवस्थेतून मासा क्वचितच परततो. तीही गेली. म्हणून आता रोज खायला घालताना वरूनही बघते.

ठाण्याहून
सगळ्यांचे आभार. उरलेल्या दोघांतला एक कालपासून खाल्लं की शेपटी वर करून तरंगतोय.

कोल्हापूरहून
दोन दिवस उपाशी ठेवा. मग उकडलेला मटार साल काढून, कुस्करून द्या. पुढे खाद्याचे दाणे भिजवूनच घाला, कोरडे दाणे खाताना तो हवाही गिळतो. पण आधी साताऱ्याच्या ताईंनी सांगितलं तसं वरून बघा, खवले अंगाला चिकटलेले आहेत ना?

ठाण्याहून
आत्ताच पाहिलं. चिकटलेले आहेत.