मुंबई मॅरेथॉन बघायला उभं कुठं राहायचं? (आणि कुंदा, आपली बेळगावची खव्याची मिठाई, न्यायचा की नाही)

शहापूरकर
जानेवारीत मुंबई मॅरेथॉन. आपल्या बेळगाव भागातले चौघं धावणार, घरचे बघायला जाणार, आणि जो तो विचारतोय कुठं उभं राहायचं. यात विचारायचं काय? सरळ सीएसएमटी, शेवटची रेषा. मॅच बघायला जाऊन शेवटची ओव्हर कुणी सोडतं काय? पेडर रोड, शिवाजी पार्क हा सगळा टाईमपास.

तिसरं गेट
शहापूरकर, तुम्ही टीव्हीवर बघून लिहिलंय हे दिसतंयच. मी 2018 ला गेलो होतो, थोरल्या भावासाठी. असाच कुणीतरी शहाणा म्हणाला होता, शेवटच्या रेषेवर थांब. थांबलो. तीन तास काय बघितलं? एका हवालदाराची पाठ, एक मोठा फुगा आणि बॅरिकेडवर लटकलेली चार पोरं. रेषेजवळ पास असलेल्यांना सोडतात, आपण कुठंतरी लांब. भाऊ कधी गेला कळलंच नाही. फोन केला तर म्हणतो, "मी केळं खातोय, तू कुठं आहेस?" रात्रभर स्लीपर कोचमधून हाडं खिळखिळी करून घेतली ती केळं खाणारा भाऊ बघायला!

आणि शेवटची रेषा बघून करायचं काय? तिथं आलेला माणूस पोचलेलाच असतो. त्याला गरज असते 35 किलोमीटरच्या पुढं. परतीच्या वाटेवर हाजीअली सोडलं की पेडर रोडचा चढ लागतो, केम्प्स कॉर्नरपर्यंत. अंगातली साखर संपलेली, ऊन चढलेलं. पुढच्या वर्षी मी तिथं थांबलो. भावाच्या गालावर मीठ वाळून पांढरे पट्टे आले होते. कुंद्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, "तिसरं गेट आलं रे!" लहानपणी बेळगावात शाळेतनं येताना रेल्वेचं तिसरं गेट लागायचं, त्याला हेच सांगत आणायचो. पुठ्ठा वाचला आणि चालत होता तो पळाला. तुमच्या शेवटच्या ओव्हरमध्ये आहे काय हे?

निपाणीकर आप्पा
पुठ्ठा मराठीत लिहिला हे बरं केलंत. मी एकदा बेळगावचा फलक धरून उभा होतो, तर मुंबईतलाच एक मराठी माणूस हिंदीत विचारतो, "आप साउथ से हो?" 2014 च्या 1 नोव्हेंबरला इकडं बेळगावचं नाव बदलून बेळगावी केलं, आणि तिकडं आम्ही कोण हेच माहीत नाही. दोन्हीकडनं परके.

शहापूरकर
आप्पा, प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणायलाच पाहिजे काय?

निपाणीकर आप्पा
प्रश्न सुटला की आणणार नाही.

खानापूरवाली
माझी मुलगी पहिल्यांदा फुल मॅरेथॉन धावणार आहे, हळू धावते, किलोमीटरला 7 मिनिटं. कुणी नीट सांगेल काय, ती दिसेल कुठं आणि किती वाजता? सी लिंकवर थांबता येतं काय? दृश्य छान असेल ना? आणि तिच्यासाठी डब्यात कुंदा न्यावा म्हणते, तिला आवडतो.

वडगावकर
वहिनी, कुंदा न्याच. घरची चव तोंडात पडली की पोरगी उडतच जाईल. साखर म्हणजे ताकदच की.

तिसरं गेट
अहो वडगावकर, काय सांगताय गा! 36 व्या किलोमीटरला कोरड्या घशात कुंदा? टाळूला चिकटला की तासभर निघत नाही. पोरगी उडणार नाही, ठसका लागून खाली बसेल.

वडगावकर
तुमच्या घशाला चिकटत असेल. चांगला कुंदा चिकटत नाही, तो रवाळ असतो. तुम्ही हल्लीचा खाताय, मिल्क पावडरचा. दूध आटवून, दह्यानं फोडून, खवा लालसर होईपर्यंत परतलेला कुंदा बघितलाय काय कधी? आमच्या आजीचा हात कढईतच असायचा.

टिळकवाडीकर
दही घालतात हे खरं, पण लालसर रंग परतल्यानं येतो की जळलेल्या साखरेनं, हे आधी मिटवा. आमच्याकडं साखर नंतर पडते.

वडगावकर
नंतर? म्हणजे तुम्ही पेढा करता. त्याला कुंदा म्हणू नका.

टिळकवाडीकर
तीन पिढ्या करतोय आम्ही. वडगावनं साडी विणावी, कुंद्याच्या भानगडीत पडू नये.

वडगावकर
साडीवर जाऊ नका. हातमाग बंद पडायला लागले तेव्हा टिळकवाडीचं कोण आलं होतं विचारायला?

शहापूरकर
धागा मॅरेथॉनचा आहे!

निपाणीकर आप्पा
मी सीमाप्रश्न काढला तर बोललात. आता बोला की.

कॅम्पातली फिजिओ
दोघांची कढई खाली ठेवा जरा. साखर पाहिजे हे बरोबर, पण कुंद्यात दुधाचं तूपही भरपूर. ते पचायला वेळ लागतो, आणि धावताना रक्त पायांकडं जास्त जातं, पोटाकडं कमी. मळमळणार, उलटी होणार. शर्यतीच्या दिवशी नवं काही खायचं नाही हा पहिला नियम. मुलगी लांबच्या रनमध्ये कुंदा खाऊन धावलीय काय? नसेल तर नाही. संत्र्याची फोड, मिठाचं बोट, तिच्या सवयीचं असेल ते द्या. पाणीसुद्धा उगाच पाजत सुटू नका, नुसतं पाणी ढोसून रक्तातलं मीठ उतरतं, तेही वाईट.

मुलगा गेल्या वर्षी धावला तेव्हा एका मावशींनी प्रेमानं बेसनाचा लाडू कोंबला. त्याचा पुढचा किलोमीटर फूटपाथवर बसून झाला. मावशी तोवर दुसऱ्याला शोधत होत्या.

वडगावकर
लाडू वेगळा, कुंदा वेगळा.

कॅम्पातली फिजिओ
पोटाला विचारा, त्याला सारखेच.

वडगावकर
बरं. शर्यत झाल्यावर द्या, मग तर चालेल ना मॅडम? का तेव्हापण परवानगी घ्यायची?

तिसरं गेट
खानापूरवाली ताई, तुमचा प्रश्न कुंद्यात बुडाला. सी लिंक विसरा, तिथं पायी जायलाच बंदी. तुम्ही चालुक्य एक्सप्रेसनं येणार असाल तर दादरला उतरा आणि सामान घेऊनच शिवाजी पार्कजवळ कॅडेल रोडवर थांबा. सी लिंकवरून वांद्र्याला जाऊन माहीममार्गे परत तिकडूनच येतात, निम्म्याच्या आसपास अंतर झालेलं असतं, पोरगी हसत दिसेल. ती गेली की दादरहून लोकल पकडून ग्रँट रोड, तिथनं चालत केम्प्स कॉर्नर. मधे दहा-बारा किलोमीटर आहेत, तिला सव्वा-दीड तास लागणार, तुम्हाला तासाच्या आत पोचता येतं. दोनदा दिसेल. टॅक्सीच्या नादाला लागू नका, रस्ते बंद असतात.

वेळेचं गणित: 36 किलोमीटर गुणिले 7 म्हणजे 252 मिनिटं, चार तास बारा मिनिटं. त्यात दमल्याची पंधरा-वीस मिनिटं धरा. आणि बंदूक वाजते तेव्हापासून मोजू नका, गर्दीत रेषेपर्यंत पोचायलाच वेळ जातो. शर्यतीच्या अॅपवर तिचा नंबर टाकून ठेवा, पण ते मागनं दाखवतं, रस्त्यावरची वेळ टिपणारी मॅट ओलांडली की मग. माझा भाऊ अॅपवर हाजीअलीला होता तेव्हा समोर उभा होता.

शहापूरकर
एवढं लिहिलंत, पण मुलीचे आईवडील शेवटी तिला भेटणार कुठं? सीएसएमटीलाच ना? मग मी काय चुकीचं सांगत होतो?

तिसरं गेट
भेटायला सीएसएमटी. बघायला नाही. तुम्ही लिहिलं होतं "बघायला".

शहापूरकर
शब्दात पकडताय. ठीक आहे, रेषेपासून लांब, आझाद मैदानाच्या बाजूला एक जागा आधी ठरवून ठेवा, तिथं भेटा. एवढं तर पटतंय?

तिसरं गेट
एवढं पटतंय. पुढच्या वेळी सुरुवातच एवढ्यावर करा.

खानापूरवाली
आभारी आहे. आता चालुक्यचं वेटिंग बघून पोटात गोळा आलाय. आणि पुठ्ठ्यावर काय लिहू? ती खानापूरची, तिला तिसरं गेट कुठलं?

निपाणीकर आप्पा
"आपलं गाव कुठल्या राज्यात ते नंतर बघू, आधी धाव" असं लिहा.

टिळकवाडीकर
साखर नंतरच पडते.